टायमिंग बेल्टच्या कामात क्रँक पुली ढिली निघाली तर: आधी खोला, मग आवळा

टायमिंग बेल्ट, म्हणजे क्रँक आणि व्हॉल्व्ह यांची वेळ जुळवणारा इंजिनातला दातेरी पट्टा, बदलून गाडी घरी येते, चार-आठ दिवस बरी चालते, आणि मग एखाद्या सकाळी सायनच्या सिग्नलला उभी असताना बॉनेटच्या उजव्या कोपऱ्यातून टक्-टक् सुरू होते. एसी लावला की आवाज बदलतो, थोडी रेस दिली की दबतो. ऐकणारा म्हणतो टॅपेट वाजतायत, दुसरा म्हणतो बेअरिंग गेलं, इंजिन उतरवावं लागेल. दोन्ही शक्य आहे. पण टायमिंग बेल्टचं काम नुकतंच झालेलं असेल तर पहिली नजर क्रँक पुलीवर आणि तिच्या मधल्या बोल्टवर गेली पाहिजे. ढिल्या पुलीचा ठोका बेअरिंगच्या ठोक्यासारखाच ऐकू येतो आणि या गैरसमजापायी चांगली इंजिनं विनाकारण उघडली जातात.

कधी कधी पुली काम चालू असतानाच ढिली सापडते. जो बोल्ट सोडायला दोन फुटी दांडा आणि अंगाचा सगळा भार लागायला हवा, तो साध्या पान्याने हाताच्या एका झटक्यात सुटतो. काम सोपं झालं म्हणून पुढे जाऊ नका. तो बोल्ट काहीतरी सांगतोय.

दोन्ही वेळा मोह एकच असतो: आवळला, आवाज गेला, गाडी दिली. मात्र ढिला झालेला बोल्ट तसाच परत आवळणं ही दुरुस्ती नव्हे. तो जितका काळ ढिला होता तितका काळ आतल्या भागांची झीज झालेली असते, आणि ती वरून दिसत नाही.

बोल्ट नेमकं काय धरून ठेवतो

पिस्टनच्या धक्क्यांनी फिरणारा मुख्य दांडा म्हणजे क्रँकशाफ्ट, थोडक्यात क्रँक. त्याचं एक टोक इंजिनाच्या बाहेर डोकावतं. गॅरेजमध्ये त्याला क्रँकचं नाक म्हणतात. त्या नाकावर आधी टायमिंग बेल्टचा दातेरी क्रँक गिअर बसतो, त्याच्या पुढे बऱ्याच गाड्यांत बेल्टची कड सांभाळणारी पातळ चकती, मग पुली, मग जाड वायसर आणि शेवटी मधला मोठा बोल्ट. पुलीवरून जाणारा रिबवाला पट्टा अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर आणि असेल तर पॉवर स्टिअरिंगचा पंप फिरवतो. म्हणजे हा एकच बोल्ट आवळला की गिअर, चकती आणि पुली अशी सगळी चळत क्रँकच्या खांद्यावर दाबली जाते.

क्रँकची ताकद गिअरला आणि पुलीला मिळते ती या दाबातून येणाऱ्या घर्षणाने. नाकाच्या खाचेत बसणारी छोटी चावी, करंगळीच्या नखाएवढा पोलादी तुकडा, ताकद वाहून नेण्यासाठी नसते. गिअर योग्य जागी बसावा, टायमिंगची खूण चुकू नये, एवढंच तिचं काम. एकावर एक तीन पाट ठेवून वर माणूस बसवला तर मधला पाट ओढून निघत नाही. माणूस उठला की तोच पाट एका बोटाने सरकतो. बोल्टचा दाब म्हणजे तो बसलेला माणूस.

दाब किती, तर एम १४ मापाचा, म्हणजे १४ मिलिमीटर जाडीचा बोल्ट १५० न्यूटन-मीटरला, गॅरेजच्या भाषेत साधारण पंधरा किलोला आवळला, तर कोरड्या स्वच्छ आट्यांवर सुमारे ५३ हजार न्यूटनचा दाब मिळतो. साडेपाच टनाच्या आसपास. पान्यावर लावलेल्या जोराचा जेमतेम दहावा हिस्सा हा दाब निर्माण करतो. बाकीचा सगळा बोल्टच्या डोक्याखाली आणि आट्यांमध्ये घासण्यात जातो. आट्यांत गंज किंवा चिखल असेल तर ठरलेल्या जोराला टॉर्क पाना 'कट्' वाजतो, आकडा बरोबर दिसतो आणि दाब मात्र अर्धाच मिळालेला असतो. उलट जिथे कोरडं बसवायला सांगितलंय तिथे तेल लावलं तर त्याच आकड्याला बोल्ट गरजेपेक्षा बराच जास्त ताणला जातो. म्हणून आटे कोरडे ठेवायचे की तेल लावायचं, हे त्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये बघूनच ठरवायचं.

दाब गेला की काय होतं

इंजिन एका लयीत फिरतंय असं आपल्याला वाटतं, पण क्रँकला गती मिळते ती धक्क्यांनी. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला दोन स्फोट होतात. आयडलला ८०० आरपीएम धरले तर मिनिटाला १६००. प्रत्येक स्फोटाला क्रँक किंचित पुढे झेपावतो आणि लगेच मंदावतो. पुलीला मात्र अल्टरनेटर आणि कॉम्प्रेसर मागे खेचत असतात. दाब शाबूत असेल तर हे सगळं एकजीव फिरतं. दाब गेला की प्रत्येक धक्का थेट चावीवर बसतो, कधी एका बाजूने, कधी दुसऱ्या. दादर ते अंधेरी तासभर रखडलात तर आयडलवरच ९६ हजार ठोके झाले. चावी आधी चेपते, मग खाचेची कड खाल्ली जाते आणि तिची तिरकी घसरगुंडी होते. डिझेल इंजिनात हे आणखी लवकर होतं, कारण स्फोट जोरकस असतो.

बहुतेक इंजिनं पुलीच्या बाजूने पाहिली तर घड्याळाच्या दिशेने फिरतात आणि बोल्टचे आटे साधे उजवे असतात. पुलीवरचा भार तिला उलट्या दिशेने ओढतो, म्हणजे बोल्ट सुटण्याच्याच दिशेने. एकदा पुली सरकायला लागली की ती बोल्टच्या डोक्यालाही थोडंथोडं सोबत फिरवते. त्यामुळे किंचित ढिला बोल्ट तेवढाच ढिला राहत नाही.

आता टायमिंगचं गणित. नाकाचा व्यास ३० मिलिमीटर आणि खाचेत गिअरला १ मिलिमीटर खेळ आला, तर गिअर क्रँकवर सुमारे पावणेचार अंश मागेपुढे होतो. एवढ्यानेच क्रँक आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांचा मेळ बिघडतो आणि स्कॅनरवर पी ००१६ सारखा कोड दिसू शकतो. त्या वेळी सेन्सर बदलून काही उपयोग होत नाही. चावी पूर्ण तुटली की गिअर क्रँकवर सुटा फिरतो, कॅम जागेवर थांबतो, आणि ज्या इंजिनात उघडा व्हॉल्व्ह पिस्टनच्या वाटेत येतो तिथे व्हॉल्व्ह वाकतात. डिझेल गाड्या जवळजवळ सगळ्या याच प्रकारातल्या. टायमिंग बेल्ट कोरा करकरीत असूनही इंजिनाचं डोकं उतरवावं लागतं ते असं.

हा दोष मोठ्या कंपन्यांनाही भोवलाय. माझ्दाची मियाटा १९८९ साली आली तेव्हा तिच्या १.६ लिटर इंजिनाच्या क्रँकचं नाक आखूड होतं. पुलीचा बोल्ट ढिला पडून खाच खाल्ली जाण्याच्या तक्रारी आल्या आणि १९९१ मध्ये माझ्दाने ते नाक मोठं केलं. उलट टोकाचं उदाहरण आपल्याकडच्या जुन्या डस्टर पेट्रोलचं. तिच्या १.६ लिटरच्या के४एम इंजिनात क्रँक गिअर चावीने बांधलेलाच नसतो. सगळी मदार दाबावर. तिथे नाकावर किंवा गिअरच्या तोंडावर तेलाचा ओशटपणा राहिला तर बोल्ट कितीही आवळा, गिअर सरकू शकतो.

ढिली पुली ओळखायची कशी

गाडी सपाट जागी, इंजिन थंड, बॅटरीची निगेटिव्ह तार काढलेली, गाडी जॅकवर नव्हे तर स्टँडवर. मारुती, ह्युंदाईसारख्या आडव्या इंजिनाच्या गाड्यांत पुढचं उजवं चाक आणि आतलं प्लास्टिकचं आवरण काढलं की पुली समोर दिसते. इनोव्हासारख्या उभ्या इंजिनात ती पुढे रेडिएटरकडे असते.

इंजिन चालू न करता पुली दोन्ही हातांनी वर-खाली धरून हलवा, मग डावी-उजवी. थोडासा हेलकावासुद्धा चालत नाही. मग ती आत-बाहेर ढकला. इथे एक गोष्ट नीट बघावी लागते, कारण इथेच निदान चुकतं. पुलीबरोबर बोल्टचं डोकंही तेवढंच आत-बाहेर होत असेल तर हलतोय तो अख्खा क्रँक. थोडा खेळ, मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाएवढा, सगळ्याच क्रँकला असतो. तो जास्त असेल तर हा खेळ रोखणारे थ्रस्ट वायसर झिजलेत आणि तो आजार वेगळा. बोल्टचं डोकं स्थिर आणि फक्त पुली हलते, तर जोड ढिला आहे. डायल गेज असेल तर सुई एकदा बोल्टच्या डोक्यावर आणि एकदा पुलीवर टेकवून बघा. नसेल तर बोल्टवर एक बोट आणि पुलीवर दुसरं ठेवलं तरी फरक कळतो.

तिसरी शक्यता रबराची. बऱ्याच पुल्या दोन तुकड्यांच्या असतात: आत पोलादी गाभा, बाहेर पट्ट्याची रिंग आणि मध्ये धक्के गिळणारं रबर. रबर सुटलं की बोल्ट घट्ट असूनही बाहेरची रिंग डगमगते. गाभा, रबर आणि रिंग यांच्यावरून खडूची एक सरळ रेघ मारा. पुलीत हेलकावा अजिबात नसेल तरच बॅटरीची तार परत जोडून इंजिन मिनिटभर चालवा, बंद करा आणि रेघ बघा. तुटून पुढे-मागे झाली असेल तर पुली बाद. रबर चिकटवून चालत नाही.

पुली डोळ्यांना डगमगताना दिसत असेल तर चाचणीसाठीसुद्धा इंजिन चालू करू नका. तेवढ्या मिनिटात चावी तुटू शकते.

बाहेरून आणखी एक खूण दिसते. बोल्टच्या वायसरभोवती किंवा पुलीच्या मध्यभागी लालसर तपकिरी, मिशेरीसारखी बारीक पूड. ती साध्या गंजाची नसते. दोन पोलादी पृष्ठभाग एकमेकांवर सूक्ष्म घासले की ही पूड तयार होते. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत उघडं लोखंड गंजतंच, पण तो गंज पापुद्र्यासारखा आणि सगळीकडे सारखा असतो. ही पूड जोडाच्या फटीतूनच किरणांसारखी बाहेर फेकलेली दिसते.

खोलताना

आधी इंजिन टायमिंगच्या खुणेवर आणा, तेही नेहमीच्या फिरण्याच्या दिशेनेच. बोल्ट १७ ते २२ मिलिमीटरच्या सॉकेटचा असतो. सहा कोनी सॉकेट वापरा, बारा कोनी घसरतो. क्रँक धरून ठेवायला फ्लायव्हील लॉक किंवा पुली धरण्याचं हत्यार वापरावं. टायमिंगची पिन त्यासाठी नाही. ती फक्त जागा दाखवते, तिच्यावर जोर दिला तर ती वाकते किंवा इंजिनाचं भोक फोडते. टायमिंग बेल्टच्या आधारानेही बोल्ट सोडू किंवा आवळू नये, नव्या बेल्टचे दात तिथेच दुखावतात. दुसरं काही नसेल तर मॅन्युअल गाडीत पाचवा गिअर टाकून कोणाला तरी ब्रेक दाबायला बसवा. पाचवाच का, तर वरच्या गिअरमध्ये ब्रेकवर येणारा जोर कमी असतो. पहिल्या गिअरमध्ये तोच जोर चार-पाच पट होतो आणि चाक फिरून जातं.

दांडा चेसीला टेकवून स्टार्टर मारण्याची युक्ती बरेच जण करतात. ती करू नका. दांडा सुटला तर हात मोडतो. शिवाय जुन्या होंडा सिटीसारखी काही इंजिनं उलट्या दिशेने फिरतात, तिथे या युक्तीने बोल्ट आणखी घट्ट होतो.

पुली अडकली असेल तर पुलर लावा. हातोडा मारला की तो मार थ्रस्ट वायसरला बसतो आणि कडेला टॉमी घालून उचकलं की रबर फाटतं. पोलो डिझेलसारख्या गाड्यांत पुली चार छोट्या बोल्टांनी क्रँक गिअरला बसवलेली असते, मधला मोठा बोल्ट गिअरचा. तिथे नुसता बेल्ट बदलताना मधल्या बोल्टला हात लावायची गरज नसते. पण पुली हलत होती असं दिसलं तर छोटे चार आणि मोठा एक, पाचही तपासा.

आत काय बघायचं

सगळे भाग ब्रेक क्लीनरने धुऊन पांढऱ्या कापडावर ओळीने ठेवा, ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने. बहुतेक चुका क्रमाच्या असतात, त्यामुळे हे पाच मिनिटांचं काम टाळू नका.

चावी हातात घेऊन उजेडात आडवी धरा. तिच्या बाजू सरळ आणि धारदार हव्यात. मध्यावर पायरी पडली असेल, एक कड गोल झाली असेल किंवा बाजूला चकाकता पट्टा असेल तर ती ठोके खात होती. आता नवी चावी क्रँकच्या खाचेत बसवून बोटाने हलवा. अजिबात हलता कामा नये. तशीच ती गिअरच्या खाचेतही बसवून बघा. व्हर्नियरने खाचेची रुंदी तोंडाशी आणि तळाशी मोजा. तोंडाशी जास्त भरली तर खाच फाकलीय.

मग एकमेकांवर दाबली जाणारी तोंडं: क्रँकचा खांदा, गिअरच्या दोन्ही बाजू, चकती, पुलीचा गाभा, वायसर. मंद राखाडी रंग चांगला. आरशासारखे चकाकते पट्टे किंवा लाल डाग म्हणजे तिथे घसरणं चालू होतं. वायसरमध्ये बोल्टच्या डोक्याचा खड्डा पडला असेल तर वायसर नवा घ्या. बोल्टच्या भोकात तेल किंवा कूलंट साचलं असेल तर कापडाने टिपून हवा मारा. भोकात द्रव राहिला तर बोल्ट तळाला त्याच्यावरच टेकतो आणि आकडा आला तरी दाब येत नाही.

क्रँकच्या पुढच्या सीलमधून तेल गळत असेल तर ते याच वेळी बदला. डगमगणाऱ्या पुलीने सीलचा ओठ बहुधा खराब झालेलाच असतो, आणि जुनं सील ठेवून नवा बेल्ट घातला तर तोही तेलात भिजून फुगतो.

आता बेल्टच्या कामानंतर बोल्ट ढिला का पडला, तेही शोधलं पाहिजे, नाहीतर तो पुन्हा पडेल. नेहमीची कारणं ही: चावी बसवताना ती मागून वर उचलली गेली आणि पुली तिच्यावर अडून राहिली, आवळताना घट्ट लागली पण खांद्याला टेकलीच नाही. बेल्टची कड सांभाळणारी चकती उलटी बसली. तिची वळलेली कड बेल्टपासून दूर, बाहेरच्या बाजूला हवी. वायसर विसरला आणि बोल्ट भोकाच्या तळाला जाऊन बसला. बोल्ट दुसऱ्या गाडीचा, लांबीने थोडा वेगळा. तोंडांवर ग्रीस किंवा रंग राहिला. आणि सर्वात जास्त वेळा आढळणारं कारण म्हणजे बोल्ट इम्पॅक्ट गनने 'ट्रर्र' करून बसवला, टॉर्क पाना लावलाच नाही. बोल्ट सोडायला गन चालते. आवळताना गन किती जोर लावते हे हवेच्या दाबावर आणि हाताच्या अंदाजावर ठरतं, आणि या बोल्टला अंदाज चालत नाही.

नुकसान किती, उपाय कोणता

तोंडं स्वच्छ, चावी धारदार, फक्त बोल्ट कमी आवळलेला, एवढंच असेल तर नवा बोल्ट आणि नीट बसवणी पुरे. चावीवर खुणा आणि तोंडांवर लाल डाग असतील पण क्रँकची खाच शाबूत असेल, तर चावी, क्रँक गिअर, वायसर, बोल्ट आणि बहुतेक वेळा पुलीही नवी घ्या. क्रँकच्या नाकावरचे बारीक उंचवटे तेलदगडाने हलकेच काढा. कानस जोरात चालवलीत तर गिअरची बसक ढिली होते.

क्रँकचीच खाच खाल्ली गेली असेल तर खरा उपाय क्रँक उतरवण्याचा आहे: नवा क्रँक, किंवा चांगल्या लेथवाल्याकडून जुन्या खाचेच्या विरुद्ध बाजूला नवी खाच किंवा रुंद केलेल्या खाचेसाठी पायरीची चावी. नवी खाच कापली तर गिअरचीही खाच त्याच हिशेबाने जुळली पाहिजे, नाहीतर टायमिंगची खूण खोटी ठरते. झीज अगदी थोडी असेल तर लोक्टाइट ६६० सारखं चिकटवण वापरतात. ते अर्ध्या मिलिमीटरपर्यंतची फट भरतं, पूर्ण कोरड्या आणि तेलमुक्त पृष्ठभागावरच धरतं आणि घट्ट व्हायला वेळ मागतं. मियाटावाल्यांनी असे क्रँक बरीच वर्षं चालवले. तरी आमच्या मते डिझेल गाडीत हा उपाय इंजिन उतरवेपर्यंतचा, कायमचा नव्हे. आटे गेले असतील तर हेलिकॉइल (नव्या आट्यांचं काम करणारं तारेचं वेटोळं) बसवता येतं, पण भोक अगदी सरळ पाडावं लागतं. जरा तिरकं गेलं की पुली कायम हेलकावे खाते.

पत्र्याची पट्टी कापून चावीशेजारी ठोकणं, नाकावर पंच मारून ते फुगवणं, पुली थेट क्रँकला वेल्ड करणं, हे तिन्ही प्रकार आपल्याकडे चालतात आणि तिन्ही वाईट. पट्टी हजार ठोक्यांत चेपते. पंचाचे उंचवटे घासून जातात. वेल्डच्या उष्णतेने सील जळतं, रबर वितळतं आणि पुढचा टायमिंग बेल्ट बदलायला ग्राइंडर लागतो. स्वस्तातली चावी म्हणून खिळ्याचा तुकडा घासून बसवणारेही आहेत. खिळ्याचं लोखंड मऊ असतं.

बोल्ट, चावी आणि क्रँक गिअर गाडीच्या पार्ट नंबरने घ्या. ऑपेरा हाऊसच्या पार्ट्सच्या बाजारात जाताना जुना बोल्ट सोबत न्या आणि लांबी, आटे, डोक्याची जाडी जुळवून बघा. कुर्ल्याच्या भंगारातली पुली घेऊ नका. रबराचं वय वरून कळत नाही.

परत बसवताना

तोंडं कोरडी. चावी सपाट बसलेली. गिअर, चकती, खालचं टायमिंग कव्हर, पुली, वायसर या क्रमात काही राहिलं नाही ना ते पांढऱ्या कापडाकडे बघून खात्री करा. कापडावर काही उरलं असेल तर पुन्हा उघडा. गिअर हाताने आणि हलक्या दाबाने खांद्यापर्यंत गेला पाहिजे. बोल्टच्या जोरावर त्याला आत ओढू नका.

बऱ्याच गाड्यांत हा बोल्ट दोन टप्प्यांत आवळायचा असतो: आधी ठरलेला टॉर्क, मग ठरलेला कोन, उदाहरणार्थ ९० अंश. कोन कशासाठी, तर आट्यांतलं घर्षण कितीही असलं तरी दीड मिलिमीटर पिचचा बोल्ट पाव फेरा फिरला की ०.३७५ मिलिमीटरच आत जातो, आणि तेवढाच ताण जोडात येतो. असा बोल्ट ताणून बसवलेला असतो, म्हणून एकदाच वापरायचा. गॅरेजमध्ये उभे राहून एवढं नक्की विचारा: "दादा, बोल्ट नवा आणलात ना? याचा टॉर्क किती, आणि नंतर कोन किती?" ज्याला काम येतं तो आकडा सांगेल किंवा मॅन्युअल उघडून दाखवेल. नागदेवी स्ट्रीटवर टॉर्क पाना सहज मिळतो. जो टायमिंगचं काम करतो त्याच्याकडे तो नसणं चालणारं नाही.

बोल्ट बसला की पान्याने क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा, म्हणजे कॅमचा एक फेरा होतो. कुठेही अडलं तर जोर लावू नका, व्हॉल्व्ह पिस्टनला टेकला असेल. दोन फेऱ्यांनंतर क्रँक आणि कॅमच्या खुणा पुन्हा जुळल्या पाहिजेत. नव्या बेल्टवर रंगवलेल्या रेघा मात्र आता जुळणार नाहीत, त्या फक्त बसवतानाच्या. पुली गाडी चालू असताना सरकली होती असा संशय असेल तर स्टार्ट करण्याआधी कॉम्प्रेशन मोजून घ्या. स्टार्टर मारल्यावर इंजिन न अडखळता सुसाट फिरत असेल तर व्हॉल्व्ह आधीच वाकलेत.

मुंबईतल्या गाडीचं थोडं वेगळं

बेल्टची मुदत किलोमीटरमध्ये लिहिलेली असते, पण पुलीचा जोड आणि रबर तास मोजतात. सरासरी २० च्या वेगाने ६० हजार किलोमीटर म्हणजे ३ हजार तास. तेच अंतर हायवेवर ६० च्या वेगाने हजार तासांत होतं. त्यात उन्हाळ्यात एसीचा कॉम्प्रेसर सतत लागत-सुटत असतो आणि प्रत्येक वेळी पुलीला धक्का देतो. त्यामुळे शहरातच फिरणाऱ्या गाडीचा बेल्ट बदलताना पुलीचं रबर बघणं आणि नवा बोल्ट घालणं हे ठरलेलंच काम समजा. हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यातून गाडी गेली असेल तर चाक काढून तेवढा कोपरा धुऊन बघा. चिखल रिबमध्ये बसला की पट्टा घसरतो, आणि त्या किंचाळीखाली पुलीचा ठोका ऐकूच येत नाही.

काम झाल्यावर बोल्टच्या डोक्यावरून पुलीपर्यंत पांढऱ्या रंगाची एक सलग रेघ ओढून घ्या आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. ५०० किलोमीटर झाल्यावर चाक वळवून टॉर्चच्या उजेडात ती रेघ बघा. सलग असेल तर बोल्टला हात लावू नका, 'थोडा अजून' आवळायचाही नाही. कोनाने ताणलेला बोल्ट त्याने तुटू शकतो. रेघ तुटलेली दिसली, किंवा चालत्या गाडीत तोच ठोका आला आणि बॅटरीचा दिवा लुकलुकला, तर इंजिन तिथेच बंद करा. पुढच्या सिग्नलपर्यंतही चालवू नका, गाडी टो करून न्या.